पारड्याचा तळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी तराजू आहे, आणि जुना असूनही माझा काटा मध्यावर ताठ उभा राहतो हे अभिमानाने सांगतो. दोन पारडी, त्यांच्या साखळ्या आणि एक दांडी, एवढाच माझा संसार. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने दांडीवरून शेवटची कानस फिरवली आणि म्हणाला, "जा आता. कुणाच्या बाजूने झुकू नकोस." मग एका किराणा दुकानात मी आकड्याला टांगला गेलो आणि कामाला लागलो.

दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. पहाटेची नमाज पढून ते दुकान उघडत आणि सर्वांत आधी मला हातात घेत. आधी ओलं फडकं, मग कोरडं. पारडं वरून पुसून झालं की ते उलटं करत आणि तळही पुसत. पुसताना पुटपुटत राहत. "काल गोणीवाल्यावर उगाच डाफरलो. या अल्ला, माफ कर. तो आज आला की त्याचीही माफी मागायची आहे, आठवण करून दे." कधी म्हणत, "काल शेजाऱ्याच्या पाठीमागे त्याच्या चालण्याला हसलो. माफ कर." पुसून झालं की मला रिकामाच उचलून काटा बघत. काटा मध्यावर आला की मगच पहिल्या गिऱ्हाइकाला हाक.

त्यांची मुलगी हसायची. "अब्बा, एवढ्याशा गोष्टीची कसली रोज रोज माफी? तुम्ही काय कुणाचं घर जाळलंत?"

"घर जाळलं असतं तर धूर दिसला असता, बेटा. घाबरून तोबा केली असती. साखरेचा कण दिसत नाही, म्हणून तो रोज पुसायचा. दिलाचंही तसंच."

त्या वर्षी चाचांचं हजला जायचं ठरलं होतं. पण त्याआधी त्यांच्या छातीचं दुखणं उपटलं आणि डॉक्टरांनी घरी झोपवून ठेवलं. दुकान मुलीने सांभाळलं, आणि छान सांभाळलं. हसरी, चटपटीत, हिशेबाला पक्की. फक्त तिला सकाळी घाई असे. मला वरून खसाखसा पुसायची आणि लगेच माल तोलायला घ्यायची. माझी पारडी अशी चकाकत की गिऱ्हाइकं म्हणत, "वा, यात बघून भांग पाडावा!"

तळ मात्र कुणी बघत नव्हतं. तेलाच्या डब्याला लागलेला हात पुडी भरताना पारड्याखाली लागे. त्या तेलावर पीठ बसे, पिठावर साखर, साखरेवर पुन्हा तेल. मालाचं पारडं हळूहळू जड झालं, आणि तेवढा माल गिऱ्हाइकाला कमी जाऊ लागला. मला बोलता येत नाही, झुकता येतं. मी रोज रिकामा असताना झुकून दाखवत होतो, पण मला रिकामा उचलायला कुणाला फुरसत होती?

गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक खाला, म्हणजे मावशी, होत्या. सुईसारख्याच टोकदार. एकदा भर दुकानात म्हणाल्या, "पोरी, माझा साखरेचा डबा पूर्वी काठापर्यंत भरायचा. हल्ली भरत नाही. तुझा तराजू मधल्या मधे खातो की काय?"

"तराजू तोच आहे, खाला. तुमची भूक वाढली असेल!"

सगळं दुकान हसलं. खालांनी पुडी उचलली. त्यानंतर त्या लांबच्या दुकानात जाऊ लागल्या.

चाचा बरे झाले. हजला निघायचा दिवस जवळ आला, तसे ते घरोघरी फिरून म्हणू लागले, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा." सगळ्यांनी गळाभेट घेतली. खाला मात्र दारातूनच म्हणाल्या, "तुम्हाला माफ आहे, चाचा. तुमच्या दुकानाला विचारून बघा."

चाचा तडक दुकानात आले. "बेटा, तराजू रिकामा उचल."

तिने उचलला. मी झुकलो. चाचांनी पारड्याखाली बोट फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. बोटावर काळपट, चिकट थर होता. तिचा चेहरा उतरला.

"अब्बा, मी मुद्दाम नाही केलं."

"ठाऊक आहे मला. अल्लाची माफी माग, तो मोठा दयाळू आहे. पण लोकांचं त्यांना पोचतं झाल्याशिवाय मी घरातून पाऊल उचलणार नाही. हज राहिली तरी चालेल."

वडिलांनी आयुष्यभर वाट पाहिलेला प्रवास आपल्या फडक्यामुळे अडला, हे तिला लख्ख कळलं. तिने गरम पाण्याने माझा तळ घासला. नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून चूक सांगितली आणि वर ओंजळभर माल दिला. कुणी रागावलं, बहुतेकांनी पाठ थोपटली. शेवटी मला आकड्यावरून काढून पिशवीत घातलं, साखर घेतली आणि खालांचं दार वाजवलं.

"खाला, साखर कमी गेली, ती मी तोलून देते. पण सगळ्यांसमोर तुम्हाला हसले, त्याला माझ्याकडे वजन नाही. त्याची माफीच मागते."

खालांनी चष्मा वर केला. मला उलटं करून तळ नीट बघितला. "हं. घासलास की चांगला." मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माफ केलं, जा. पण साखर ठेवून जा हं, नुसत्या माफीने चहा गोड होत नाही!"

चाचा ठरल्या दिवशी निघाले. जाताना त्यांनी मला रिकामा उचलला, काटा पाहिला आणि मुलीच्या हातात दिला.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वरची बाजू सगळेच पुसतात, कारण ती लोकांना दिसते. तुम्ही रोज थोडं उलटं करून तळ बघा. कण ताजा असतो तोवर एका फडक्याने निघतो. आणि ज्याचं कमी गेलं, त्याच्या दारापर्यंत जा.

आज सकाळीही तिने मला हातात घेतलं. "काल खालांच्या चहाला मनात नावं ठेवली," ती पुटपुटली, "या अल्ला, माफ कर." मग हसली, आणि तिने पारडं उलटं केलं.