शिवकन्येचं चिलखत

नेकनूरच्या बाजारगल्लीत चन्नप्पांचं किराणा दुकान होतं आणि त्याला लागून त्यांच्या धाकट्या भावाचं, रुद्रेशचं, टीव्हीचं. मागचं घर दोघांचं मिळून एकच. चूल एक, मोरी एक, आणि दोन भावांत मिळून लेकरूही एकच, चन्नप्पांची शिवकन्या. ती आठवीत होती.

तिची आई गंगासागर. तिच्या हाताला गल्लीत नाव होतं. जुनी वर्तमानपत्रं चार दिवस भिजवायची, उखळात कुटायची, मेथ्या वाटून त्या लगद्यात मिसळायच्या आणि पालथ्या घागरीवर थापून पाटी काढायची, ती गंगासागरनेच. मेथीमुळे कसर लागत नाही, आणि एकदा वाळली की पाटी अशी टणक होते की वर माणूस बसावा. लेकीच्या रुखवतात मांडायला बायका तिच्याकडून पाटी मागून न्यायच्या. एवढं नाव तिला पुरत होतं. दोन वर्षांपूर्वी रुद्राणी जाऊ म्हणून घरात आली आणि ते पुरेनासं झालं.

रुद्राणी उदगीरची, बारावी झालेली. उलट बोलत नसे, कामाला मागे सरत नसे, भाकरीही बरी थापायची. तिच्यात बोट ठेवायला जागाच सापडत नव्हती, आणि हेच गंगासागरला सोसत नव्हतं. माणसात काही खोट असली म्हणजे त्याच्याशी निदान भांडता तरी येतं.

ते दिवस असे होते की गावात आठवड्याला एक रंगीत टीव्ही खपायचा. रुद्रेशने दुकानातल्या एका टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून ठेवला होता. शाळा सुटली की शिवकन्या दप्तरासकट तिथे. त्यातल्या एका खेळात चिलखतवाला वीर होता. तो तलवार घेऊन पळायचा, उड्या मारायचा, राक्षस कापायचा. त्याला शेवटच्या किल्ल्यापर्यंत नेणारी सगळ्या गल्लीत शिवकन्या एकटीच. आणि शेजारी स्टुलावर बसून "मार, मार, वरून येतोय बघ" म्हणणारी रुद्राणी.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आलं. वेशभूषेत नाव देऊन शिवकन्या घरी आली, ती चुलीपुढच्या आईला ओलांडून थेट परसात गेली. रुद्राणी तिथे कपडे वाळत घालत होती.

"काकू, मी गेममधला वीर होणार. चिलखत करून देतीस?"

"करू की. तुझ्या काकाकडं फोम लई पडलाय."

तव्यावरची भाकरी करपली. गंगासागरला इंगळी डसल्यासारखं झालं. वस्तू हातानं घडवायची, आणि पोरीनं विचारायचं कुणाला? लहानपणापासून जिनं वेणी घातली तिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. टीव्हीच्या खोक्यांत राखाडी फोमचे जाड तुकडे येत. रुद्राणी आधी पुठ्ठ्याचा साचा कापी, त्यावरून फोम कापी. इस्त्री हलकी तापवून, मध्ये कागद धरून फोमवरून फिरवी. ऊब लागली की फोम वाके, आणि गुडघ्यावर दाबून गार केला की तसाच वाकलेला राही. सांधे जोडायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. छातीचा भाग झाला, खांद्यांच्या वाट्या झाल्या, मनगटांच्या पट्ट्या झाल्या. शिवकन्या पुढे उभी, आणि रुद्राणी तिच्या अंगाखांद्याला टेप लावतेय. येता-जाता गंगासागरला तेच दिसे.

"त्या वासानं डोकं उठलं माझं," गंगासागर म्हणाली.

"परसात नेते, अक्का." रुद्राणीने सगळं उचलून नेलं. तेही गंगासागरला सोसवलं नाही.

मग तिने ठरवलं, आपणही करायचं, आणि गुपचूप करायचं. शिवकन्या शाळेत असताना ती दिराच्या दुकानात गेली.

"भावजी, तो गेम लावा बरं जरा."

रुद्रेशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. "तुमाला खेळायचाय, वैनी?"

"बघायचाय."

पडद्यावर अंगठ्याएवढा माणूस पळू लागला. गंगासागरने डोळे बारीक केले. "ह्याला जरा पुढून दावा."

"पुढून न्हाई दिसत ह्यो. जन्मभर एका अंगानंच पळतो."

"कावून?"

"आता त्याला काय सांगू? केलाच तसा त्याला." रुद्रेशने बटण दाबून त्याला उलटा पळवला. तोही एका अंगानंच. "राक्षसबी असेच हायत, वैनी. घाबरू नका."

कॅसेटच्या डबीवर वीराचं पुढून चित्र होतं, पण ती डबी रुद्राणीकडे होती. मागितली असती तर तिने हसत दिली असती. म्हणूनच गंगासागरने मागितली नाही.

माळवदावर तिने लगदा नेला. पोटाची बाजू मोठ्या घागरीवर थापली, पाठीची परातीवर. माप घ्यायला पोरीला बोलवावं तर गुपित फुटतं, म्हणून पेटीतून तिचा दिवाळीचा एक फ्रॉक काढला आणि त्यावर वीत लावली. सहा दिवस ऊन दिलं. फाटकाला लावून उरलेला चंदेरी रंग दिला. रोज वर जाऊन ती बोटानं वाजवून बघे. खणखणीत आवाज येई आणि तिच्या जिवाला गार वाटे.

गॅदरिंगला दोन दिवस उरले तेव्हा तिने ते खाली आणून शिवकन्येपुढे ठेवलं. "घाल."

शिवकन्येने डोक्यातून घातलं. खांद्यांवर अडकलं. गंगासागरने ओढलं, रुद्राणीनेही खालून हात लावला, पण चिलखत काही खाली उतरेना. फ्रॉकची ती दिवाळी वर्षामागची, आणि पोर तेव्हापासून चांगली चार बोटं रुंदावली होती. रोज पाठीशी बसून वेणी घालणाऱ्या आईला ते दिसलं नव्हतं.

"आई, ही तर घागरच हाय," शिवकन्या म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

रुद्राणी हसली नाही. तिने बोटाच्या पेरानं ते वाजवलं. "केवढं टणक केलंय, अक्का. मला जमायचं न्हाई असं."

ती हसली असती तर बरं झालं असतं. गंगासागरचे कान तापले. तोवर शिवकन्येने ते उतरवून काकूनं केलेलं चढवलं. पोरीच्या छातीवर फोमचं चिलखत पाठीमागून नाड्यांनी आवळलेलं, जसं काही अंगावरच उगवलंय. तिने बघितलं आणि तिला जागा सापडली.

"गळ्यातलं लिंग दबतंय त्याच्याखाली," ती म्हणाली.

घराणं लिंगायत. घरात सगळ्यांच्याच गळ्यात लिंग होतं, शिवकन्येचं चांदीच्या लहान डबीत. ते अंगावेगळं करायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काढून ठेवायचं न्हाई आणि दाबायचंबी न्हाई. असलं काही माझ्या पोरीनं घालायचं न्हाई."

हीच पोर पालथी झोपायची, दप्तराचा पट्टा छातीवरून घ्यायची, तेव्हा गंगासागरच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. तिने देवाचं नाव पुढं केलं होतं आणि मागं दुसरंच होतं. ते तिचं तिला कळत होतं. पण शब्द गेला तो गेला. शिवकन्येचे डोळे भरले.

रुद्राणीचा हात आपल्याच गळ्याकडे गेला. "खरंय, अक्का. माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तेवढी जागा करते मी."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून बसली. आतून फोम पोखरला, तर नाड्या आवळल्या की पोकळी मिटून जाई. आरपार भोक पाडलं, तर छातीचा भाग तिथून दुमडे. दुपारी ती चिलखत घेऊन सैपाकघरात आली.

"अक्का, हितं टणक काहीतरी पायजे. फोमचं काम न्हाई हे. तुमचं हाय."

गंगासागर ज्वारी निवडत होती. "जमत न्हाई" एवढं म्हणायचं, की संपलं. पोर आजवर फोमकडे बघत होती, उद्या घरी बसेल. तिने मान वर केली. दारात शिवकन्या उभी होती. महिन्यात पहिल्यांदा ती काकूकडे न बघता आईकडे बघत होती.

"ठेव तिथं," गंगासागर म्हणाली.

नवा लगदा एका दिवसात वाळला नसता. तिने माळवदावर परत नेऊन टाकलेलं आपलं चिलखत आणलं, विळीवर धरलं आणि पोटाचा फुगीर भाग वाटीएवढा गोल कापून काढला. सहा दिवसांचं ऊन त्यात होतं. कापताना ती दात आवळून बसली होती. कड घासली, मऊ कापड लावलं, फोमच्या आतून ती वाटी पालथी चिकटवली. शिवकन्येने घालून नाड्या आवळून घेतल्या. आत डबी मोकळी राहिली.

"लागत न्हाई," शिवकन्या म्हणाली, आणि आरशाकडे पळाली.

गॅदरिंगला शाळेच्या पटांगणात मांडव होता. दोन पऱ्या झाल्या, एक कोळीण झाली, मग शिवकन्या. तिने स्टेजवर अशा उड्या मारल्या की फळ्या दणाणल्या, आणि पळाली तीही एका अंगानंच. मागच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. पहिला नंबर कोळणीला गेला, दुसरा तिला. बीडहून आलेल्या परीक्षक बाईंनी माइकवर विचारलं, "हे केलं कुणी?"

रुद्राणीला पुढे ढकललं गेलं. ती लाजत माइकपाशी गेली. "फोम मी कापला. पण आतून जे हाय ते आमच्या अक्कांनी केलं. त्याच्याबिगर घालताच आलं नसतं."

सगळ्या बायका वळून बघू लागल्या. शेजारच्या छबूबाईने कोपर मारलं, "बघ, जाऊ असावी तर अशी." गंगासागर मनात शब्द जुळवून आली होती. आतलं काम माझं हाय, हे कुणाकुणाला आणि कसं सांगायचं, ते सगळं ठरलं होतं. आता सांगायला काही उरलं नव्हतं. मोठेपणासुद्धा हिनंच घ्यावा, तिला वाटलं, आणि हसऱ्या चेहऱ्याने ती जळत बसली.

कार्यक्रम संपल्यावर मांडवामागे शिवकन्या घामाघूम उभी होती. "काकू, सोड ना. लई उकडतंय."

"मी सोडते," गंगासागर म्हणाली.

"तुला गाठी कळायच्या न्हाईत, आई. काकूनं मारल्यात."

"गाठीत काय कळायचं?" ती मागे जाऊन गुडघ्यावर बसली.

"खालची आधी, अक्का, मग..." रुद्राणीने हात पुढे केला.

"माहीत हाय मला."

माहीत नव्हतं. परकराच्या नाड्या घामानं फुगून घट्ट बसल्या होत्या. ती नखानं एकेक गाठ उकलू लागली. शिवकन्येला हलता येईना, म्हणून ती बोलायला लागली. पाय कसा घसरता घसरता राहिला, कोळणीच्या टोपलीतले मासे पुठ्ठ्याचेच कसे होते, बाईंनी खाली उतरताना काय विचारलं. सगळं मान वळवून वळवून आईला सांगत होती.

रुद्राणी हात पुढे करून उभी होती. गंगासागरने तिला उभं राहू दिलं, आणि पुढची गाठ आणखी सावकाश धरली.