वाळुंजाची टोपली

मी मासे धरायची टोपली बोलतेय. वय तीन आठवडे, त्यामुळे थोडक्यात सांगते.

आयर्लंडमध्ये, रिंगास्किडी बंदरापासून जरा आत, एका ओढ्याकाठी मी झाड होते. इथे त्याला विलो म्हणतात. विलासरावांनी मात्र बघताक्षणी ओळखलं.

"वाळुंज! केतकी, हे इथे कसं आलं गं?"

"ते इथलंच आहे, बाबा. आलोय आपण," सून म्हणाली.

विलासरावांनी गावी जन्मभर माशांच्या टोपल्या विणल्या. मागच्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं आणि विणणं थांबलं. मुलाने इकडे आणलं. आपल्या हातच्या टोपलीत अजून मासा शिरतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

माझ्या कोवळ्या फांद्या कापल्या आणि ते फोक चार दिवस बाथटबमध्ये भिजत होते. घरच्यांनी तक्रार केली नाही. आंघोळही केली नाही. डाव्या हाताने फोक धरवेना, म्हणून विलासरावांनी तो गुडघ्याखाली दाबून विणला. त्यामुळे मी एका अंगाला वाकडी आहे. तोंडाशी आत वळवलेला घसा केला. त्यातून मासा येतो, पण परत जात नाही.

शेजारचे म्हातारे डेक्लन कुंपणावरून म्हणाले, "ग्रँड! माझे वडील अशाच करायचे. पण आता अशा मासेमारीला बंदी आहे. ओढ्यात ठेवलीत तर अधिकारी टोपली नेतील, तुम्हालाही नेतील."

केतकीने मराठीत सांगितलं.

"टोपली नेली तरी चालेल," विलासराव म्हणाले. केतकीने याचं इंग्रजी केलं नाही.

तीन दिवस मी शेडमध्ये पडून होते. चौथ्या दिवशी विलासराव कात्री घेऊन आले आणि त्यांनी माझं बूड कापलं. मला वाईट वाटलं.

"केतकी, विचार डेक्लनना, आता चालेल का?"

डेक्लननी माझ्यातून आरपार पाहिलं. "हा तर पाइप झाला. पाइपला कोण काय म्हणणार?"

तिघं ओढ्यावर गेले. विलासरावांनी मला उजव्या हाताने पाण्यात धरलं, डावा नुसता टेकवला.

"बाबा, पाणी गार आहे. द्या, मी धरते."

"राहू दे."

बऱ्याच वेळाने एक वीतभर वाम आली, सापासारखी लांबट मासळी. घशातून आत शिरली, वाकड्या अंगाशी थांबली, मग मागून निघून गेली.

"शिरली," विलासराव म्हणाले.

डेक्लननी विचारलं, "काय म्हणतायत?"

"मासा आत आला म्हणतायत."

"गेलाही की!"

"ते काही बाबा म्हणाले नाहीत."

विलासराव परवा गावी जातील. मी डेक्लनच्या दारात टांगलेली असेन. येणाऱ्याजाणाऱ्याने खुशाल हात लावून बघावं. फक्त कुणी दया येऊन मला बूड बसवू नका.