नाथाची नवी बंदूक

"अहो, पेटली की काय ही?" नळीतून धूर निघाला तशी सरूबाई दचकली.

"पेटते कसली! आतलं तेल जळतंय. नवीन आहे ना. मार अजून," खुर्चीत बसलेला नाथा म्हणाला.

सरूबाईने छर्र्याच्या त्या बंदुकीची नळी मधोमध खाली दुमडून आतली स्प्रिंग ताणली, छर्रा घातला आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवर पुन्हा नेम धरला. डोंगरीतल्या त्यांच्या खोलीमागे सकाळपासून हेच चाललं होतं. संध्याकाळी शेजारच्या पालीला चर्चचा सण. तिथे नाथाचा फुगे फोडायचा स्टॉल ठरलेला. गेल्या वर्षी लकव्याने त्याचा डावा हात नेला, आणि स्टॉल लागलाच नाही. यंदा जुन्या बंदुकीची स्प्रिंग तुटली, म्हणून ही नवी.

दुपारी धूर थांबला, पण छर्रे फळीभर पांगत राहिले. सरूबाई दातओठ खाऊन बंदूक आवळी, खांद्यात रुतवी. तरी एक इकडे, दुसरा तिकडे.

"राहू दे," नाथा म्हणाला. "नाही लावायचा स्टॉल."

"बाकीचे स्टॉलवाले तर मुद्दाम बंदुकीचा नेम वाकडा करून ठेवतात!"

"म्हणून तर लोक आपल्याकडे येतात. माणसाचा नेम चुकला तर चुकू दे, बंदुकीने फसवू नये."

"मग तुम्हीच मारून बघा एकदा."

"ह्या हाताने?"

तो हात नाथा कायम टॉवेलखाली झाकून ठेवी. सरूबाईने टॉवेल ओढला, त्याचं कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि भरलेली बंदूक तळव्यावर ठेवली. बोटं मिटेनात. ताटात भाकरी असावी तशी बंदूक नुसती पडून राहिली. नाथाने उजव्या हाताने घोडा अलगद ओढला. बंदूक तळव्यावरच उसळली आणि शांत झाली.

खडूच्या गोलात भोक पडलं. पुढचा छर्रा त्याच भोकाच्या काठाला. तिसराही.

"आवळली की बिघडते ती," नाथा हळूच म्हणाला. "उसळायचंय तर उसळू द्यायचं."

"हे शहाणपण माझ्या बाबतीत कधी सुचलं नाही ते!" सरूबाई डोळे पुसत हसली.

नाथाने उजवा हात त्या लुळ्या हातावर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला त्या हाताचे उपकार मानावेसे वाटले.

संध्याकाळी पालीच्या गल्लीत दिव्यांच्या माळा लागल्या. कोळीवाड्यातली मॅबेल दोनदा चुकली.

"नाथा, बंदूक बरी हाय ना रं?"

"बंदूक बरी आहे गं. तू तिचा गळा धरलायस. अशी ठेव."

उजव्या हाताने उचलून त्याने डावा हात दिव्याखाली धरला. मागची रांग बघत होती. मॅबेलने तसाच तळवा उघडला.

फट्!

"लागला रं लागला!"

मग पुढे येणारा जो तो आधी नाथाच्या हाताकडे बघे आणि आपला डावा तळवा तसाच मोकळा सोडी.

गर्दी पांगल्यावर सरूबाईने टॉवेलने बंदूक पुसली. मग टॉवेल उलटा करून नवऱ्याचा डावा हात पुसला, बोट न् बोट. हात झाकायला मात्र त्याने टॉवेल मागितला नाही.