वरचं टिंब

सोनाक्का कासारणीनं पहिलं टिंब दिलं आणि समाजमंदिराबाहेर बांधलेली म्हैस रवंथ करता करता थांबली. वाक्य म्हशीचंच होतं. जबडा डावीकडं वळलेला तसाच राहिला. तोंडातून लोंबणारी कडब्याची काडीसुद्धा हलेना.

कांचनबाईंनी वही बघितली. "छान. टिंब जरा ठसठशीत हवं."

दुपारच्या साक्षरता वर्गाला सहा म्हाताऱ्या यायच्या. सोनाक्का त्यांत थोरली, एकाहत्तरची. दोन वर्षांत अक्षरं जुळली, पण वाक्य कुठं थांबवायचं ते काही केल्या जमत नव्हतं. म्हणून आज तेवढाच सराव होता.

"वाक्य संपलं की टिंब," बाई म्हणाल्या.

"आमच्यात संपलं म्हणत न्हाईत, बाई. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं."

"मग वाढवा. पण टिंब द्या."

शेजारची बनूमावशी खुदकन हसली. "हिचा नवराबी तसलाच. चार गावं हिंडून यायचा, की पुन्हा आमच्या दारात हजर. थांबणं ठाऊकच न्हवतं मेल्याला."

पुढची वाक्यं घरच्या माणसांवर होती. 'आई जात्यावर दळते' एवढं सोनाक्कानं लिहिलं आणि टिंब द्यायला विसरली. फळ्याखाली जातं मांडून आई दळायला बसली. जाऊन चाळीस वर्षं झालेली आई. लुगडं तेच, ओवीही तीच. बाईंनी खुर्ची जरा बाजूला घेतली. मग धाकटी बहीण आढ्याला झोका बांधून झुलू लागली. मग 'मालक बांगड्या भरतात' असं लिहिलं आणि शिदू कासार खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन दारातून आत आला.

तो एकेका म्हातारीपुढं बसे, हात दाबून मऊ करी, "सैल सोड गं आक्का" म्हणे आणि काहीतरी गोष्ट सांगत बांगड्या चढवी. गोष्ट रंगेपर्यंत हात भरलेला असे. ठरल्या बांगड्या झाल्या की आणखी एक घाली, फुकट. "ही वरची. हात मोजून भरू नये." सोनाक्का डोळे भरून बघत राहिली. घरी आल्यावर त्याच्या बोटांना काचेचा आणि घामाचा वास यायचा, तोच वास वर्गभर झाला.

पण जातं थांबेना. पीठ घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. झोका दर खेपेला भिंतीवर आपटू लागला. शिदूचे पाय सुजले.

"अगं, किती हिंडवतीस?"

"बसा की मग."

"कसा बसू? तू टिंब कुठं दिलंयस?"

कांचनबाई पिठातून वाट काढत आल्या. "पाच वाजले. वह्या द्या. ज्याला टिंब नाही, ते मी पुसणार."

बनूमावशीनं बिनटिंबाचा लिहिलेला भाऊ कोपऱ्यातल्या विहिरीत पोहत होता. बाईंनी वहीतल्या त्याच्या वाक्यावरून रबर फिरवलं. सूर मारल्याचा आवाज अर्ध्यात तुटला. भाऊ गेला, विहीरही गेली. कोपऱ्यात नुसती फरशी उरली. बनूमावशी फरशीकडं बघत बसली.

सोनाक्कानं घाईनं आईला टिंब दिलं. ओवी जात्याच्या खुंट्यावरल्या हातापाशी थांबली. बहिणीला दिलं. झोका आढ्याजवळच राहिला, वेणी सरळ आडवी.

राहिला शिदू. तो लांब दाराशी होता.

"माझ्यापाशी या आधी."

"येतो," तो म्हणाला. कुठंही निघाला तरी तो 'येतो'च म्हणायचा.

एकेक म्हातारी करत तो तिच्यापुढं आला. सवयीनं तिचा डावा हात हातात घेतला आणि मनगटाकडं बघत राहिला.

"मोकळा का गं हात?"

त्यानं एक हिरवी बांगडी काढली, हात दाबून मऊ केला. "सैल सोड," म्हणाला. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आली. तिथं दुखलं. बाईंचा हात वहीवर पडला होता. सोनाक्कानं टिंब दिलं, चांगलं ठसठशीत.

शिदू थांबला. बोटं तिच्या हाताभोवती तशीच, बांगडी हाडावर अडकलेली.

जन्मभर कासाराच्या घरात राहिलेला तिचा उजवा हात मोजून थांबणारा नव्हता. पेन्सिल किंचित सरकली आणि त्या हातानं आणखी एक टिंब दिलं. वरचं.

बांगडी आपोआप हाडावरून उतरली, मनगटावर आली आणि तिथं हळूहळू गोल फिरू लागली.

"हे एक जास्तीचं आहे," कांचनबाई म्हणाल्या आणि त्यांनी रबरावरचं पीठ झटकलं.