मूर्ती हलू नये म्हणून

मुलांनो, आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. पत्र्याचा गोल डबा आडवा धरून कोणीतरी गरगर फिरवतंय, आणि तो थांबवायचं काम तुमचं आहे. बाहेरून हात लावायचा नाही. दोन्ही तळहात आत घालायचे आणि बाहेरच्या बाजूला फाकवायचे. तळवे भिंतीला घासतील, डबा थांबेल. पण बोटांची टोकं पुढे आली तर ती अडकतील आणि डबा गचकन थांबेल. म्हणून टोकं जराशी आत वळवा. आता तो अलगद थांबतो. आणि भीतीने सगळी बोटंच मिटून घेतलीत तर? मग घासायला तळव्याचा तुकडाच उरतो, आणि डबा फिरतच राहतो.

मोटरसायकलच्या मागच्या चाकात असाच डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. तळहातांच्या जागी दोन अर्धगोल लायनर असतात. उजव्या पायाने ब्रेक दाबला की ते फाकतात. एवढं लक्षात ठेवा.

पेणजवळच्या गडब गावामागे डोंगराकडेला कातकऱ्यांची वाडी आहे. तिथली करिश्मा सातवीत होती. तिचा बाप मंगळ्या श्रावण लागला की पेणच्या पोपटशेठच्या कारखान्यातून शाडूच्या लहान मूर्ती रोह्याच्या दुकानात पोचवायचा. जुनी मोटरसायकल, मागे लोखंडी कॅरियर, त्यावर लाकडी पेटी आणि पेटीत करिश्माची गोधडी, मूर्तींना हादरा बसू नये म्हणून. शाडू भाजलेला नसतो. गाडी जरा गचकली तरी बोट तुटतं, आणि तुटक्या बोटाचा गणपती कोणी घरी नेत नाही.

"यंदा एक बोट तुटलं नाय, तर तुला बारमाही कामावर ठेवतो," पोपटशेठ म्हणाला होता.

बारमाही काम मिळालं, तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. दरवर्षी वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून जायची आणि करिश्माचं नाव शाळेच्या हजेरीत नुसतं राहायचं. यंदा तिला सातवी पुरी करायची होती.

पण गाडीचा मागचा ब्रेक गचकन धरायचा. वडखळला समोर म्हैस आली आणि एका मूर्तीचा कान गेला.

"मंगळ्या, देव नेतोस का भाताच्या गोणी?" पोपटशेठ ओरडला. "ही एक सोडली. अजून एक तुटली तर बारमाही विसर, अक्षय टेम्पोतून नेईल सगळ्या." अक्षय त्याचा मुलगा.

मंगळ्या गाडी घेऊन हरेशच्या गॅरेजवर गेला. हरेशने चाक उघडलं, दोन्ही लायनरच्या पुढच्या कडा कानशीने जराशा उतरत्या केल्या आणि ब्रेकचा ड्रमजवळचा दांडा काढून लांब दांडा बसवला.

"हातपंपाचा दांडा लांब असला की कसा हलक्या हाताने चालतो, तसं हाय हे," तो करिश्माला म्हणाला. "आता पाय जेवढा दाबंल, तेवढंच धरंल."

"अजून थोडी घास ना कड," मंगळ्या म्हणाला.

"नाय. आणखी घासल्यावर धरायला राहणार काय? माझं डोकं?"

वाडीत करिश्मा काठोकाठ भरलेला पेला धरून मागे बसली. मंगळ्याने ब्रेक दाबला. घोटभर पाणी सांडलं, पण गचका नाही. पुढच्या खेपा नीट गेल्या.

मग एके दिवशी एका मूर्तीच्या सोंडेजवळ केसाएवढी भेग दिसली. ती खड्ड्याने पडली असेल, नाहीतर माती सुकताना. पोपटशेठने भेगेवरून नख फिरवलं, मंगळ्याकडे बघितलं आणि आत गेला.

त्या संध्याकाळी मंगळ्याने चाक स्वतःच उघडलं. तो कानस मारत राहिला, लायनरची काळी भुकटी खाली पडत राहिली.

"बा, हरेशकाका नाय म्हणालाय."

"हरेशला भट्टीवर जायचं नाय," मंगळ्या म्हणाला.

चाक बसवल्यावर करिश्मा पुन्हा मागे बसली. पुन्हा पेला भरला, पुन्हा ब्रेक दाबला. वाडीच्या सपाटीवर, हळू वेगात, एक थेंबही सांडला नाही. बापलेक दोघं खूश होऊन हसली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेटीत दोन मूर्ती होत्या, करिश्मा पेटीला हात लावून मागे बसली. नागोठण्यापुढे भिसे खिंडीचा उतार लागला. मंगळ्याने ब्रेक दाबला, आणखी दाबला, पेडल पार खाली गेलं. गाडी वेग घेत राहिली. समोर एसटी उभी होती.

"बा, पुढचा धर! पुढचा!"

पुढचा ब्रेक धरला असता तर पेटी आपटली असती. मंगळ्याने तो धरला नाही. त्याने गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. दगडांवर घासत, फरफटत ती थांबली. आडवी झाली नाही, कारण दगड आणि गाडी यांच्यामध्ये मंगळ्याचा पाय होता.

मागून अक्षयचा टेम्पो मोठ्या मूर्ती घेऊन येत होता. तो उतरला, एसटीतली माणसं उतरली. त्यांनी मंगळ्याला ओढून कडेला बसवलं. अक्षयने धावत जाऊन पेटी उघडली.

"ओरखडासुद्धा नाय!"

"बाप्पाने राखलं गो," एका बाईने पेटीला हात जोडले.

मंगळ्याची नडगी मधेच वाकली होती. "बोटं," तो म्हणाला. "करिश्मा, बोटं बघ गो."

तिने पेटीतल्या मूर्तींची बोटं बघितली. "हायत बा. सगळी हायत."

अक्षय फोनवर बोलला. "हो बाबा, दोन्ही शाबूत. मंगळ्याच्या पायाला लागलंय जरा... हो, आजच पोचवतो." फोन खिशात टाकून तो मंगळ्याला म्हणाला, "बाबा खूश हायत. चोख काम केलंस म्हणाले."

"मग बारमाहीचं..."

"पायाचं बघू आधी. कारखान्यात दिवसभर उभं राहायला लागतं रे." आणि तो पेटीची दोरी सोडायला वळला. "चला, ही टेम्पोत चढवू. कोणीतरी हात लावा."

दोघंतिघं पुढे झाले. पेटीला हात लावायला माणसं होती.

करिश्मा त्यांच्या मधून आत शिरली. तिने एक मूर्ती उचलून अक्षयच्या उजव्या हातात दिली, दुसरी डाव्या. त्याचे दोन्ही हात भरले.

"अगो, काय करतेस? पुढे खड्डे हायत! मूर्ती हलतील!"

तिने पेटीतून आपली गोधडी ओढून काढली, चौघडी केली आणि बापाच्या पायाखाली सरकवली. पाय सरळ बांधायला काहीतरी ताठ हवं होतं. तिने आजूबाजूला बघितलं. मग मोकळ्या पेटीवर पाय रोवला आणि तिची एक फळी उपटली.