आवाज येतो, चित्र नाही

आई गेल्यावर आठ महिने दादाने तिच्या खोलीला हात लावला नव्हता. एका रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर गाठ मारलेला उशीचा अभ्रा सापडला. आत गेम खेळायचं जुनं मशीन, दोन रिमोट, एक कॅसेट आणि नीट गुंडाळलेली केबल. गाठ आईचीच होती.

थोरला म्हणून घरात सगळे त्याला दादा म्हणायचे. आता तसं म्हणणारा एकच उरला होता, धाकटा भाऊ, आणि त्याचा फोन वर्षातून दोनदा यायचा. दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. दिवसभर यंत्राच्या घरघरीत कोणाशी बोलायची गरज पडत नसे, आणि घरी आल्यावर बोलायला कोणी नसे. त्याचं लग्न जमता जमता राहिलं, ते राहिलंच.

मशीन त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षी आणलं होतं. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा. संध्याकाळी दोघं खेळायला बसले की आई ताटं मांडून हाका मारमारून थकायची. पुढे केबलची तार पिनेच्या मानेपाशी तुटली आणि चित्र थरथरायला लागलं. दादाने जुनी केबल फेकून दिली, बाजारातून नवी लांबलचक आणली, टेबलावर ठेवली आणि कामावर गेला. परत आला तर पडदा काळा. आवाज येत होता, चित्र नव्हतं.

"मी फक्त नवी केबल लावली, दादा," धाकटा म्हणाला.

दादाने मशीन उचललं. एका कोपऱ्याचा टवका उडालेला दिसला आणि त्याचं डोकंच फिरलं. "पाडलंस ना? तुझ्या हातात कधी काही टिकलंय का?" असं बरंच काही तो बोलला. धाकटा नाही नाही म्हणत राहिला आणि मग म्हणायचा थांबला. महिनाभर दादाने अबोला धरला. पुढच्या वर्षी धाकट्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. कडाक्याचं भांडण असं कधी झालंच नाही, बोलणं मात्र आटत गेलं.

त्या रविवारी दादाने मशीन टीव्हीला जोडलं. नव्या टीव्हीला चित्राच्या पिवळ्या पिनेसाठी पिवळं भोक नव्हतं; एक होतं ते अर्धं हिरवं, अर्धं पिवळं. त्यात पिन बसवली, पांढरी आणि लाल आपापल्या जागी लावली, बटण दाबलं. गेमची ती टुणटुण धून खोलीभर वाजायला लागली. पडदा तसाच काळा. त्याने पिना अदलाबदल करून पाहिल्या, काचा पुसायच्या स्पिरिटने कॅसेटचे दात साफ केले, केबल पीळ देऊन, वाकवून पाहिली. दुपारचे दोन वाजून गेले तरी तो जेवला नव्हता. जेवलास का, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मशीन, केबल आणि कॅसेट पिशवीत घालून दोन गल्ल्या सोडून असलेल्या रिपेअरच्या दुकानात गेला. दुकान एक बाई चालवत. त्यांनी मशीनकडे नंतर पाहिलं, आधी केबल हातात घेतली.

"ही ह्याची नाही," त्या म्हणाल्या.

"नाही कशी? व्यवस्थित बसते की."

"बसणारच. एकाच कंपनीची दोन मशीनं, दोन्हींचं तोंड सारखं. आतल्या तारा मात्र वेगळ्या जागी. आवाजाच्या जुळतात, चित्राची जुळत नाही. कोणी आणली ही?"

"मीच," दादा म्हणाला.

बाईंनी खिळ्यावर लटकलेल्या केबलींतून एक काढली आणि दुकानातल्या टीव्हीच्या तशाच हिरव्या-पिवळ्या भोकाला लावली. चित्र आलं, पण करड्या रंगाचं. दादाचा चेहरा पडलेला पाहून त्या म्हणाल्या, "थांबा हो. ह्या हिरव्या-पिवळ्या भोकाला दोन कामं असतात. साधा व्हिडिओ आहे म्हणून टीव्हीला सांगावं लागतं." त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बदललं, आणि गेममधलं पाणी निळं झालं, होड्या लाल झाल्या.

मग चार स्क्रू काढून त्यांनी मशीन उघडलं, बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. "ठणठणीत आहे. कधी बिघडलंच नसणार."

"आणि हा टवका?"

"नुसतं प्लास्टिक उडालंय. आत धक्का लागल्याची खूण नाही."

टवका त्या दिवसाआधीही असेल. त्या दिवसाआधी दादाने कोपरा कधी निरखलाच नव्हता.

संध्याकाळी त्याने धाकट्याला फोन लावला.

"दादा? काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. सहज केला." सहज फोन करायची दोघांनाही सवय नव्हती. "ते गेमचं मशीन आठवतं तुला?"

"मी पाडलं होतं, तेच ना?"

दादा खुर्चीवर टेकला. "तू नव्हतं पाडलंस."

"पाडलं होतं रे. टेबलावरून. कोपऱ्यावर आपटलेलं मला अजून दिसतं."

"तेव्हा तर नाही म्हणत होतास."

"म्हणत होतो. पण तू महिनाभर तोंड फिरवून बसलास, तेव्हा वाटायला लागलं, पाडलंच असेल आपण. मग ते दिसायलाच लागलं."

दादाने केबलचं सगळं सांगितलं. कुठेही न अडखळता, "चूक माझी होती" इथपर्यंत. पलीकडे नळ वाहत होता, तो कोणीतरी बंद केला.

"मी पोरीला काचेच्या वस्तू हातात घेऊ देत नाही," धाकटा म्हणाला. "माझ्यावर गेली असेल म्हणून. बारा वर्षांची आहे ती."

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, ठेवतो आता," धाकटा म्हणाला.

त्यानंतर दहा दिवस काहीच नाही. दादाने बाईंकडून योग्य केबल आणली होती. कामावरून आल्यावर तो आवाज बारीक करून एखादा डाव खेळायचा. हात चालत नसत, होडी खडकावर जाऊन आपटे. फोन शेजारी उताणा ठेवलेला असे.

अकराव्या दिवशी, सणाच्या सुट्टीच्या दुपारी, तो वाजला.

"एक विचारायचं होतं," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी आई घरी होती?"

"होती. स्वयंपाकघरात."

"काही पडल्याचा आवाज ऐकला होता का तिने?"

"मी तिला विचारलंच नाही."

"हं." मग तो म्हणाला, "मीही नाही विचारलं."

"ये की एकदा. पोरीलाही आण."

"बघतो."

त्याच्या 'बघतो'चा अर्थ दादाला ठाऊक होता. तरी फोन लगेच ठेवला नाही, दोघांपैकी कोणीच. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी धाकट्यानेच ठेवला. दादा उठला, इस्त्री तापत ठेवली आणि उद्या कामावर घालायचा शर्ट शोधायला लागला.