डुगडुगता बाक आणि कॅप्टनसाहेबांचा कोट

मी एक जुना लाकडी बाक आहे, आणि स्वस्थ राहणे मला माहीत नाही. माझे तीन पाय सारखे, चौथा बोटभर आखूड. मला घडवताना सुतार कोणाशी तरी गप्पा मारत होता. त्याच्या गप्पा त्याच दिवशी संपल्या, मी मात्र तीस वर्षे डुगडुगतो आहे.

मित्रांनो, माझे घर म्हणजे एका रफूगराचे दुकान. जळलेल्या, फाटलेल्या, कसरीने खाल्लेल्या कपड्यांची भोके ते अशी बुजवतात, की शोधूनही सापडू नयेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गिऱ्हाइके माझ्यावर बसून वाट पाहतात. कोणी नुसते खोकले तरी मी हलतो. मास्तरांची बायको रोज विचारते, "अहो, या बाकाचा पाय कधी नीट करणार? कोणी आपटलं म्हणजे?" मास्तरांचे उत्तर ठरलेले, "उद्या." तोवर माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

दुकानातल्या आरशाला एक पिवळा पडलेला फोटो चिकटवलेला आहे. तो कॅप्टनसाहेबांचा. मास्तर शाळेत शिकत होते तेव्हा लढाई झाली आणि साहेबांनी मूठभर माणसांनिशी नदीवरचा पूल तीन दिवस राखला. पुलाच्या अलीकडेच मास्तरांचे घर होते. आईवडील, भावंडे सगळी वाचली ती त्या तीन दिवसांमुळे. पुढे साहेब याच शहरात राहायला आले, पण मास्तर त्यांच्या दारी कधी गेले नाहीत. "जाऊन बोलू काय?" असे म्हणत वर्षे गेली.

एका दुपारी साहेबांची नात दुकानात आली. तिच्या हातात लढाईतला जुना लोकरी कोट होता. "आजोबांचा परवा सत्कार आहे. हे बटण तेवढं सैल झालंय. कोट न्यायला उद्या ते स्वतःच येतील," म्हणाली आणि गेली.

झाले! मास्तरांना जेवण गोड लागेना. दहादा दार झाडले, पंधरादा आरसा पुसला. मग माझ्यासमोर ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, तुमच्यामुळे आमचं घर राहिलं." पुन्हा म्हणाले, आवाज चिरकला. तिसऱ्यांदा 'साहेब' म्हणून पुढचे विसरलेच. मी हललो, तर माझ्यावरच डाफरले.

बटण लावताना त्यांना डाव्या खांद्यावर एक भोक दिसले. मसुराएवढे, कडा जळलेल्या.

"तिने बटणच सांगितलंय ना?" बायकोने हटकले.

"भोक समोर दिसत असताना तसाच कोट परत करू? मग मी रफूगर कसला?"

त्यांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढले आणि एकेक धागा विणत बसले. अंधार पडेपर्यंत भोक नाहीसे झाले. तीस वर्षांत इतके सुंदर काम मी पाहिले नव्हते. साहेब बघतील, हसतील, पाठीवर थाप मारतील, असे मास्तरांना वाटत होते. मलाही वाटत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वाळकेसे, हातात काठी. बायकोने शेजारच्या घड्याळवाल्याची चांगली खुर्ची मागून आणली होती, पण ती पुढे सरकवेपर्यंत साहेब माझ्यावर बसलेसुद्धा. मास्तर पाठ केलेले वाक्य विसरले. त्यांनी कोट पुढे केला. साहेबांनी तो बसल्या बसल्या अंगात घातला आणि त्यांचा उजवा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला. बोट तिथे फिरले, थांबले, पुन्हा फिरले.

"इथलं भोक कुठे गेलं?"

"बुजवलं, साहेब," मास्तर हसून म्हणाले.

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "पुलावर माझा जोडीदार या खांद्याला टेकून झोपला होता. हातात सिगारेट तशीच. कोट जळला, पण मी त्याला उठवलं नाही. दोन दिवसांचा जागा होता तो. त्याच पहाटे गोळी लागून गेला. त्याचं माझ्याकडे एवढंच राहिलं होतं." मग म्हणाले, "असू द्या. तुम्हाला काय माहीत?"

मास्तर पांढरेफटक पडले. जन्मभर ज्या माणसाला भेटायचे होते, त्याचीच आठवण त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती. मला त्यांची फार कीव आली. थोड्या वेळाने ते सुई घेऊन साहेबांच्या शेजारी बसले. "कोट अंगातच असू द्या साहेब. उसवतो. जळलेली कड कापली नाही मी, आत दाबलीय."

आपले काम त्यांनी कधीच उसवले नव्हते. सुई साहेबांच्या मानेजवळ होती, आणि नेमकी तेव्हाच पुठ्ठ्याची घडी निसटली. माझा जीव टांगणीला लागला.

"बाक हलतोय," साहेब म्हणाले.

"उद्याच पाय नीट करतो, साहेब."

"नका करू. असा बाक त्या पहाटे पुलावर असता, तर माझा डोळा लागला नसता." साहेब फोटोकडे पाहत होते. "तो उठून पुढे कधी गेला, मला कळलंच नाही. मी झोपलो होतो. हे त्या फोटोत येत नाही. सत्कारातही कोणी बोलणार नाही."

मास्तरांनी शेवटचा धागा ओढला. भोक पुन्हा उघडे झाले.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "तुमचा डोळा लागला, त्या पहाटेही आमचं घर राहिलं. आम्ही सहाजण त्यात झोपलो होतो."

साहेबांनी बोट त्या भोकावर ठेवले. किती वेळ दोघे तसेच बसून होते. मी डुगडुगत होतो आणि त्यांना चालत होते.

मित्रांनो, कोणाची जुनी वस्तू तुमच्या हाती आली, तर तिला जपा. पण नीटनेटकी करण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा. मास्तर आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "हे बुजवू ना?" माझ्या पायाविषयी मात्र कोणी 'उद्या' म्हणत नाही. तो आहे तसाच आखूड आहे. साहेब अधूनमधून येतात, खुर्ची सोडून माझ्यावर बसतात. मी हलत राहतो आणि ते जागे राहतात.